कमळ अधिक ३८४

संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स उघडा आणि कळफलकाच्या वरच्या रांगेतलं एफ१२ हे बटण दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं. पानाच्या बाजूला किंवा खाली एक चौकट उघडते. तिच्या माथ्यावरच्या नावांतून ‘कन्सोल’ निवडा. तिथे एका छोट्या बाणापुढे कर्सर लुकलुकत असतो. सात, मग तारा, मग आठ असं लिहून एंटर दाबा. पुढच्या ओळीत ५६ उमटतात. (या लेखात अंक देवनागरीत छापले आहेत, टाईप करताना ते इंग्रजीच हवेत.)

हे तर कॅल्क्युलेटरही करतो, असं मूल म्हणेल. बरोबरच आहे त्याचं. मग त्याला दुसरी ओळ लिहायला सांगा: इंग्रजी अक्षरांत ‘लेट’, त्यापुढे देवनागरीत ‘वय’, बरोबरचं चिन्ह आणि दहा. एंटर. आता ‘वय + १’ लिहिलं की उत्तर येतं ११. ‘वय’ हा शब्द घटकाभरापूर्वी या यंत्राला ठाऊक नव्हता. मुलाने तो शिकवला आणि यंत्राने जसाच्या तसा, मराठीत, लक्षात ठेवला. कन्सोलला कळणाऱ्या भाषेचं नाव जावास्क्रिप्ट. तिचे स्वतःचे मोजके शब्द इंग्रजीत आहेत, पण आपण वस्तूंना जी नावं देतो ती देवनागरीत दिली तरी तिला चालतात. हे मुलांना कोणी फारसं सांगत नाही, याची मला हळहळ वाटते. ‘वय’, ‘गुण’, ‘बेरीज’ अशी नावं ठेवता येतात हे कळलं, की पाचवीतल्या मुलाची अर्धी भीती तिथेच जाते.

लगेच आणखी एक करून पाहावं. तेच दहा अवतरणचिन्हांत घालून ‘वय’ला द्यायचं आणि पुन्हा एक मिळवायला सांगायचं. उत्तर येतं १०१! मुलं आधी हसतात आणि मग कारण शोधू लागतात. अवतरणचिन्हांत गेलेलं दहा ही संख्या राहत नाही. ते एक आणि शून्य अशी दोन चिन्हं शेजारी ठेवलेलं लिखाण होतं, आणि लिखाणात काही मिळवायचं म्हणजे ते त्याच्या शेवटाला जोडायचं. संख्या वेगळी आणि ती लिहिण्याची चिन्हं वेगळी, ही गोष्ट गणिताच्या तासाला कितीही समजावली तरी हवेत राहते. इथे ती एका एंटरसरशी डोळ्यांना दिसते.

ही चौकट ब्राउझरमध्ये आली कशी? टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पहिला ब्राउझर लिहिला. तो फक्त वाचण्यासाठी नव्हता. त्याच खिडकीत पान लिहिता येई, दुरुस्त करता येई. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांत लिहिण्याची सोय मागे पडली, पण पान उघडून त्याच्या आतली रचना पाहण्याची वाट खुलीच राहिली. मग मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ब्राउझरच्या आत चालणारी एक भाषा दहा दिवसांत उभी केली. तीच पुढे जावास्क्रिप्ट झाली. घाईच्या खुणा तिच्या अंगावर अजून आहेत, आणि जुनी पानं मोडू नयेत म्हणून त्या पुसताही येत नाहीत. तरी आज संगणकावरचा जवळजवळ प्रत्येक ब्राउझर ती जाणतो. शाळेच्या संगणक खोलीतल्या जुन्या यंत्रावरसुद्धा, नवीन काहीही न बसवता, एक पूर्ण प्रोग्रॅमिंग भाषा हजर आहे. रिकाम्या टॅबमध्ये कन्सोल उघडला तर इंटरनेटही लागत नाही. नेट गेलेल्या गावातही ५६ तितक्याच झटकन येतात.

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये मात्र ही चौकट मिळत नाही, आणि आपल्याकडे पुष्कळ घरांत मोबाइल हाच एकमेव संगणक आहे. शाळेतल्या संगणक खोलीचं कुलूप वेळापत्रकापलीकडेही उघडं राहावं असं मला वाटतं, ते याचसाठी.

आता एखादं बातमीचं पान उघडून कन्सोलमध्ये ‘डॉक्युमेंट’, टिंब, ‘डिझाइनमोड’ (यातला एम मोठा), बरोबरचं चिन्ह आणि अवतरणांत ‘ऑन’ असं लिहावं. पान लिहिण्याजोगं होतं. मथळ्यावर क्लिक करून ‘उद्यापासून शाळांना दोन महिने सुट्टी’ असं टाईप करता येतं, त्याच टायपात, त्याच रंगात. मुलांचे डोळे विस्फारतात: आपण वेबसाइट हॅक केली! मग पान पुन्हा लोड करायचं. सुट्टी गायब. घरी आलेल्या वर्तमानपत्रावर कोणी मिश्या काढल्या तर गावातल्या बाकीच्या अंकांना काही होत नाही, तसंच हे. सर्व्हरने आपल्याकडे पानाची एक प्रत पाठवली होती आणि ती आपण रंगवली. इंटरनेट कसं चालतं याचा पहिला धडा यात आहे. दुसराही आहे: पडद्याचं छायाचित्र हा पुरावा नसतो. फॉरवर्ड होत आलेला ‘बातमीचा फोटो’ कसा तयार होऊ शकतो, हे दहा वर्षांच्या मुलाने एकदा स्वतः करून पाहिलं की त्याला व्याख्यानाची गरज उरत नाही.

इथेच एक सावधगिरी मोठ्यांनी सांगायची. दुसऱ्या कोणी पाठवलेला मजकूर कन्सोलमध्ये चिकटवायचा नाही, कधीच नाही. आपण लॉगिन केलेल्या पानावर कन्सोल आपल्याच अधिकाराने वागतो, आणि फसवणारे याचाच फायदा घेतात. फेसबुकने आपल्या कन्सोलमध्ये म्हणूनच मोठ्या अक्षरांत थांबण्याचा इशारा लिहून ठेवला आहे. तसंही, हाताने टाईप केलेली ओळच डोक्यात शिरते.

मुलांनी संगणकाला शिकवावं, ही कल्पना ब्राउझरपेक्षा पुष्कळ जुनी आहे. सेमूर पेपर्ट हे दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात जन्मलेले गणिती. मुलं ज्ञान कसं रचतात याचा अभ्यास करणाऱ्या ज्यां पियाजे यांच्याजवळ त्यांनी जिनिव्हात काही वर्षं काम केलं आणि मग ते अमेरिकेत एमआयटीत आले. १९६७ मध्ये वॉली फॉयर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि पेपर्ट यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. त्या काळी संगणक खोलीभर असत आणि शाळकरी मुलांना त्यांच्या जवळही कोणी जाऊ देत नसे. लोगो म्हटलं की लोकांना कासव आठवतं: आधी जमिनीवर फिरणारं यंत्र, मग पडद्यावरचा त्रिकोण, ‘शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे’ अशा आज्ञा पाळणारा. ते कासव खरोखर सुंदर आहे. चौरस कसा काढायचा ते कळेना, तर मूल उठून स्वतः चालून पाहतं आणि त्याच्या पायांना उत्तर सापडतं. कोणत्याही साध्या बंद आकृतीभोवती फिरून पहिल्या जागी, पहिल्या दिशेला तोंड करून आलं की एकूण वळण ३६० अंश भरतं. हे प्रमेय मुलाने अंगाने सिद्ध केलेलं असतं. आजच्या ‘स्क्रॅच’मध्ये हीच परंपरा आहे. एमआयटीत मिचेल रेझनिक यांच्या गटाने तो २००७ मध्ये खुला केला. २०१३ पासून तो ब्राउझरमध्ये चालतो आणि त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी तिथूनच सुरुवात करावी, असं माझं स्वच्छ मत आहे. टायपिंगच्या चुकांशी झगडायचं ते वय नव्हे.

पण लोगोचा आरंभ कासवाने झाला नव्हता. तो शब्दांनी झाला. पहिल्या वर्गांतली मुलं शब्द उलटे करणारे, वाक्यं जुळवणारे प्रोग्रॅम लिहीत होती. पेपर्ट यांनी १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात एका मुलीची हकिकत सांगितली आहे. संगणकाकडून कविता रचून घेताना तिला शब्दांच्या याद्या वेगवेगळ्या कराव्या लागल्या, आणि व्याकरणात नाम आणि क्रियापद हे भेद कशासाठी असतात हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं. ही हकिकत वाचल्यापासून माझ्या मनात एकच विचार घोळत आला आहे: हे मराठीत केलं तर?

अवतरणचिन्हांत एक शब्द लिहा, पुढे टिंब द्या आणि इंग्रजीत ‘लेंग्थ’ लिहा. शब्दात किती अक्षरं आहेत ते यंत्र सांगतं. ‘आई’: २. ‘कमळ’: ३. ठीक. ‘बाबा’: ४. इथे मूल थांबतं. बाबा तर दोन अक्षरी! ‘नमस्कार’ विचारलं तर ७. ‘ज्ञानेश्वर’ या, आपण चार अक्षरं म्हणू त्या, नावाला चक्क १०. यंत्र चुकलं का? नाही, ते आपल्याला पहिलीत शिकवलं होतं तसंच मोजतंय: ब, ब ला काना, पुन्हा ब, ब ला काना. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी. ‘स्का’ म्हणजे स, पाय मोडण्याची खूण, क आणि काना, अशी चार चिन्हं. ‘ज्ञ’ तर तिथे एक अक्षर म्हणून नाहीच. ज, हलन्त आणि ञ मिळून तो घडतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी कागदावर क च्या आधी येते, पण संगणकाच्या स्मरणात आधी क आणि नंतर वेलांटी असते, कारण तिथे उच्चाराचा क्रम जपलेला आहे. ‘बाबा’ हा शब्द उलटा करायला सांगितला तर सुरुवातीलाच एकटा पडलेला काना येतो, आणि त्याला टेकायला अक्षर नाही म्हणून ब्राउझर तिथे ठिपक्यांचं एक पोकळ वर्तुळ काढून दाखवतो.

आता पुढची पायरी. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि तो विचारता येतो. क चा क्रमांक २३२५. ख चा २३२६. ग, घ, ङ ओळीने पुढे. उलट, क्रमांक देऊन अक्षरही मागता येतं. तेव्हा २३२५ पासून २३६१ पर्यंत मोजत जाईल आणि प्रत्येक क्रमांकाचं अक्षर छापेल असं दोन-तीन ओळींचं लूप लिहायचं. एंटर दाबला की पडद्यावर क ख ग घ ङ, च छ ज झ ञ अशी वर्णमाला झरझर उतरते! कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हा जुन्या व्याकरणकारांनी तोंडातल्या जागांवरून लावलेला क्रम आजच्या यंत्रात जसाच्या तसा बसलेला आहे. पण नीट वाचणारं मूल लगेच खोड काढतं. न नंतर, खाली टिंब असलेला एक ऩ कुठून आला? ळ तर ह नंतर यायचा, तो ल च्या शेजारी का? त्याच्यापुढे हा टिंबवाला ऴ कोण? आणि क्ष, ज्ञ कुठे गेले?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलाला आधीच मिळालेलं आहे. ती जोडाक्षरं आहेत. बाकीच्यांची उत्तरं मिळवण्यासाठी त्याला एक विलक्षण खेळ खेळू द्यावा. ‘कमळ’ या शब्दाचे क्रमांक आहेत २३२५, २३५० आणि २३५५. तिन्हींत ३८४ मिळवायचे आणि येणाऱ्या क्रमांकांची अक्षरं छापायची. पडद्यावर कमळ हा शब्द गुजरातीत लिहून येतो. ७६८ मिळवले तर तेलुगूत. ८९६ मिळवले तर कन्नडमध्ये. ६४० ला तमिळ, १०२४ ला मल्याळम, ५१२ ला ओडिया, २५६ ला गुरुमुखी. एकही अक्षर न शिकता, फक्त बेरजेने.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. मुलांना कळतं तेव्हा ती आपापली नावं घालून पाहतात, आणि मग कोणीतरी सगळे आकडे एका खाली एक लिहून ओरडतं की हा तर १२८ चा पाढा आहे! खरंच आहे. १९८० च्या दशकात आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचं प्रमाण आखलं गेलं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं, ते याच प्रवाहातलं. ब्राह्मीपासून निघालेल्या या सगळ्या लिप्यांचा सांगाडा एकच आहे हे ओळखून त्यात क चा क्रमांक सगळ्या लिप्यांना एकच ठेवला होता. नंतर युनिकोड आलं. त्याने १९८८ च्या इस्कीची मांडणी घेतली आणि प्रत्येक लिपीला १२८ घरांची स्वतंत्र ओळ दिली, पण ओळीतली जागा तीच ठेवली. म्हणून ऩ आणि ऴ: तमिळमध्ये त्या ध्वनींना अक्षरं आहेत आणि ती देवनागरीत उतरवायची तर समोरासमोर घर हवं. ळ ल च्या शेजारी बसला तोही या सर्वांच्या समाईक क्रमामुळे.

यातली रिकामी घरं भरलेल्या घरांइतकीच बोलकी आहेत. ‘कमळ’मध्ये १२८ मिळवून बांगला लिपीत न्या, क आणि म येतात, शेवटी मात्र ठोकळा किंवा पोकळ चौकोन. बांगलात ळ नाही! ‘घर’ तमिळमध्ये नेऊन पाहा. घ च्या जागी पुन्हा पोकळी, कारण तमिळ लिपीत क आणि ङ यांच्या मधली तीन अक्षरं नाहीतच. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड कानावर पडते, मुंबईत गुजराती पाट्या दिसतात. तिथल्या मुलांनी वर्गातल्या मित्राला त्याच्या लिपीत स्वतःचं नाव काढून दाखवावं आणि तो उच्चार बरोबर आहे का विचारावं. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये घर मिळालं, पण ते फार दूर आणि आतली मांडणीही वेगळी, त्यामुळे ही बेरीज तिथे लागू पडत नाही. तिच्यासाठी अक्षराला अक्षर असा तक्ताच तयार करावा लागेल. उत्साही नववीतल्या मुलाला एक सुट्टी पुरेल एवढं ते काम आहे.

आता ‘माइंडस्टॉर्म्स’मधल्या त्या मुलीसारखी, यंत्राकडून वाक्यं रचून घेण्याची गोष्ट. इंग्रजीत वाक्ययंत्र करणं सोपं: विशेषणांची एक यादी, नामांची एक, क्रियापदांची एक. यदृच्छेने एकेक उचलायचं आणि ओळीने मांडायचं. तीच कृती मराठीत केली की यंत्र ‘काळा गाय धावलं’ असं काहीतरी बोलतं. सगळा वर्ग एका आवाजात म्हणतो: चूक! पण चूक काय, ते यंत्राला सांगायचं कसं? ‘कानाला बरं वाटत नाही’ हे यंत्राला कळत नाही. त्याला नियम हवा. मग मुलं नामांच्या यादीत प्रत्येक शब्दाबरोबर आणखी एक रकाना जोडतात:

शब्द: "गाय", लिंग: "स्त्री"

ही ओळ महिरपी कंसात घातली की जावास्क्रिप्टला ती अशीच्या अशी चालते. वासरू नपुंसक, कुत्रा पुरुष. विशेषणाने आता नामाकडे पाहून काळा, काळी, काळं व्हायचं. क्रियापदाने धावला, धावली, धावलं. परीक्षेसाठी पाठ केलेली तीन लिंगं अचानक उपयोगी पडतात. त्यांच्यावाचून यंत्र बोलूच शकत नाही. पुढे ‘लाल’ विशेषण आलं आणि मुलांच्या नियमाने ‘लाली गाय’ केली, की कळतं की आकारान्त विशेषणंच बदलतात. लाल, हुशार, गोड जागची हलत नाहीत. ‘मांजर’ शब्दावर तर घराघरांत वाद होतो, ती की ते. मूल दोन्ही नोंदी ठेवतं. शब्दकोशकाराला पडणारा प्रश्न त्याला पडलेला असतो आणि त्याने तो सोडवलेलाही असतो.

या सगळ्यात कन्सोल वारंवार लाल ओळी दाखवतो. एखादं अवतरणचिन्ह राहिलं, कंस मिटला नाही, की लाल. शिकवणाऱ्याने इथे हात पुढे करून दुरुस्त करू नये, एवढी एकच विनंती. लाल ओळीत बहुधा काय खटकलं आणि कितव्या ओळीत हे लिहिलेलं असतं. मोठ्याने वाचू द्यावं, शब्द अडला तर तेवढाच सांगावा. दुरुस्तीची वाट वरच्या बाणाच्या बटणावर आहे: ते दाबलं की आधीची ओळ परत येते, बदलता येते, पुन्हा पाठवता येते.

मग पुढचं आव्हान, आणि हे मोठ्यांनाही दमवेल: ‘वर’ हा शब्द नामाला जोडून दाखव. घर, घरावर. घोडा, घोड्यावर. यंत्राने पहिल्या नियमाने ‘घोडावर’ केलेलं असतं, तेव्हा आकारान्त शब्दासाठी ‘या’चा नियम लिहावा लागतो. तो नियम सशाला ‘सस्यावर’ नेऊन ठेवतो. म्हणजे शेवटी ‘सा’ असेल तर ‘शा’ करायचा: सशावर, माशावर, पैशावर, आरशावर, घशावर. पाच शब्द बरोबर आले की मूल हात वर करतं. त्याला तेव्हा ‘प्रशंसा’ हा शब्द द्यावा. यंत्र म्हणेल ‘प्रशंशावर’. आपण म्हणतो प्रशंसेवर. शब्द स्त्रीलिंगी आहे. तो लिंगाचा रकाना इथेही वाचावा लागणार.